सहा डब्यांचे साडेसात

पहाटे पावणेसहा

रात्री दोनच्या सुमारास पत्र्यावर तडतड सुरू झाली आणि अर्धवट झोपेत मला आठवली ती वाळू. गावातल्या निम्म्या घरांत त्याच वेळी नुकत्या लावलेल्या कांद्याची काळजी सुरू झाली असेल. माझी पाव ब्रास वाळू शाळेच्या मागे उघड्यावर पडलेली, आणि उजाडला की गुरुवार. डिसेंबरातला अवकाळी. गेल्या बुधवारीही असाच येऊन गेला होता.

मी एका माध्यमिक शाळेत निदेशक आहे. शिक्षक नव्हे, निदेशक. मानधन तीन-तीन महिने थकतं तेव्हा या दोन शब्दांतला फरक नीट कळतो. विषयाचं कागदावरचं नाव अधूनमधून बदलत असतं, मुलं मात्र पहिल्यापासून 'टेक्निकल'च म्हणतात. त्याचं मूळ पाबळचं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या त्या कोरडवाहू गावात विज्ञान आश्रम सुरू केला आणि शाळेच्या पोरांच्या हातात खरी कामं दिली. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे चार भाग, आणि त्यासाठी आठवड्यातला एक अख्खा दिवस. माझ्याकडे अभियांत्रिकी. म्हणजे वेल्डिंग, सुतारकाम, नळजोडणी आणि सध्या बांधकाम.

सध्याचं बांधकाम म्हणजे पाचवीच्या मुलांसाठी हात धुण्याचा ओटा. मागे शाळेचीच जुनी भिंत, पुढे तीन मीटरची चार इंची भिंत, दोन्ही बाजूंना साठ-साठ सेंटीमीटरच्या आडभिंती, वर कडप्पा. मागच्या गुरुवारी चार थर झाले. आज उरलेले चार.

सव्वाआठ

हार्डवेअरच्या दुकानात एक गोणी सिमेंट. बरोबर नववीतला एक मुलगा होता, त्याच्या वडिलांची पिकअप आम्ही फुकट वापरतो. दुकानदारानं ढिगातली सगळ्यात खालची, भिंतीला टेकलेली गोणी ओढली. पोरानं गोणीवर छापलेला आठवडा वाचला, बोटावर महिने मोजले आणि म्हणाला, "काका, ही श्रावणातली हाय." दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. दुसरी गोणी मिळाली.

तीन महिन्यांपुढे पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद उतरत जाते हे मी फळ्यावर कधी लिहिलेलं नाही. एकदा गोठलेल्या गोणीतला गठ्ठा हातोड्यानं फोडायला दिला होता, तेवढं पुरलं.

साडेनऊ

शाळा पावणेअकराला भरते. मी आधी येतो ते विटांसाठी. दोन बॅरल पाण्यात विटा बुडवायच्या आणि बुडबुडे थांबेपर्यंत तशाच ठेवायच्या. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो. मागच्या गुरुवारच्या चार थरांना सात दिवस पाणी मारायची जबाबदारी शाळेच्या शिपाईमामांनी घेतली होती. रविवारीसुद्धा ते येऊन गेले, हे भिंतीच्या रंगावरून दिसतं. गडद, थंड, कुठे पांढरी भुकटी नाही.

वाळूचा ढीग वरून चिखलट आणि आतून दमट. मुठीत दाबली की लाडू होत होता. पूर्वी अशी वाळू बघून मी उन्हात पसरून टाकली असती. आज तशीच ठेवली. त्याला कारण होतं.

मागच्या वेळी हिशेबानं दोनदा माल कालवून चार थर व्हायला हवे होते. तिसऱ्यांदा कालवावं लागलं. का, असं विचारल्यावर सगळ्यांनी एकमुखानं 'सांडला' असं सांगितलं होतं. दहावीतली एक मुलगी गप्प होती. तिचे वडील सेंटरिंगच्या कामावर असतात. जाताना ती हळूच म्हणाली होती, "सर, एवढा नाही सांडला."

अकरा वाजून दहा मिनिटं

तीस जणांत आज बावीस हजर. आठ जण कांदा लावायला. मी हजेरीत 'गैरहजर' लिहितो, पण सऱ्यांची अंतरं काढणारी ती आठ पोरं आज माझ्या विषयाबाहेर आहेत असं काही मला वाटत नाही.

पहिला अर्धा तास नकाशाचा. प्लॅन, एलेव्हेशन आणि एक सेक्शन, १:२० प्रमाणात. हा भाग मुलांना कंटाळवाणा वाटतो. रेघ का मारायची हे कळल्याशिवाय रेघेला वजन येत नाही, म्हणून मी आधी चूक होऊ देतो. महिन्यापूर्वी त्यांनी ओट्याची उंची ठरवली होती. पाचवीच्या वर्गात जाऊन प्रत्येकाची जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजली आणि सरासरी काढली. सरासरीवर ओटा बांधला तर निम्मा वर्ग टाचा उंचावून हात धुणार, हे त्यांना तिथेच, पाचवीतल्या एका चिमुरडीला भिंतीशी उभं केल्यावर दिसलं. मग सगळ्यात बुटक्या चार जणांना धरून भिंत ७० सेंटीमीटर ठरली. नकाशात ७० असं छान लिहिलं गेलं.

नंतर विटा आल्या. आमच्या भट्टीची वीट नऊ इंच लांब, चार रुंद, तीन जाड. म्हणजे साधारण २३, १० आणि साडेसात सेंटीमीटर. एक सेंटीमीटरचा सांधा धरला तर एक थर साडेआठ सेंटीमीटरचा. सत्तरला साडेआठानं भागा. आठ थरांचे ६८ होतात, नवांचे साडेशहात्तर. सत्तर कुठेच येत नाही.

"वरची वीट थोडी तासू," असं एकानं सुचवलं होतं. मी त्याला वीट आणि छिन्नी दिली. पाच मिनिटांत त्याच्या हातात तीन तुकडे होते. मग नकाशा खोडला. भिंत ६८, तिच्यावर दोन सेंटीमीटर मालाचा थर आणि तीन सेंटीमीटरचा कडप्पा, एकूण ७३. ती चिमुरडी पुन्हा बोलावली गेली. चाललं.

मग विटांची संख्या. एका विटेचा दर्शनी भाग सांध्यासकट २४ गुणिले साडेआठ, म्हणजे २०४ चौरस सेंटीमीटर. भिंतीची एकूण लांबी ४.२ मीटर, उंची ६८ सेंटीमीटर. भागाकार नेमका १४० आला तेव्हा वर्गात टाळ्या पडल्या. इतकं सरळ उत्तर पुस्तकाबाहेर भेटत नाही, तेव्हा मीसुद्धा वाजवल्या. फुटतुटीची पाच टक्के भर घालून १४७, आणि भट्टीवाल्यानं दीडशे दिल्या.

बारा

माप म्हणून आम्ही दोन लिटरचा पत्र्याचा डबा घेतो. एक डबा सिमेंट, सहा डबे वाळू. आज कालवण्याआधी मी त्या मुलीला म्हटलं, "तुझं मागच्या वेळचं बोलणं तपासू या."

बिस्किटांची एक उभी प्लॅस्टिकची बरणी आहे आमच्याकडे, बाजू अगदी सरळ. तिच्यात ढिगातली दमट वाळू न दाबता भरली आणि बाहेरून पट्टी लावली, २० सेंटीमीटर. वाळू काढून घमेल्यात ठेवली, बरणी निम्मी पाण्यानं भरली, वाळू हळूहळू परत आत टाकली आणि सळईनं ढवळली. वर गढूळ पाणी. सगळे वाट बघत उभे. वाळू बसली तेव्हा पुन्हा पट्टी लागली, १६.

"चार कुठं गेली?"

"विरघळली."

"साखर हाय व्हय?"

विज्ञानाचे सर व्हरांड्यातून चालले होते, त्यांना हाक मारली. त्यांनी बरणी हातात घेतली, डोळ्यांसमोर धरली आणि विचारलं, "दिवाळीत किल्ला कोणी कोणी केला?" सगळे हात वर. "कोरड्या मातीचा होतो का? आणि पाण्याच्या टाकीच्या तळाशी होतो का?" दोन्ही ठिकाणी होत नाही. फक्त ओलसर मातीचा होतो. ओलसर वाळूच्या कणाकणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, पृष्ठताणानं तो कणांना धरूनही ठेवतो आणि एकमेकांपासून दूरही. म्हणून किल्ला उभा राहतो आणि म्हणूनच डबा भरल्यासारखा दिसतो पण वाळू कमी असते. कोरड्या वाळूत तो पापुद्रा नसतो आणि पूर्ण बुडालेल्या वाळूत त्याचा जोर संपतो. सर एवढं बोलून दहावी 'अ'च्या तासाला गेले. चार मिनिटं लागली असतील. माझ्या मते त्यांच्या वर्षभरातल्या चांगल्या तासांपैकी हा एक.

बांधकामाच्या पुस्तकात याला वाळूचा फुगवटा म्हणतात. पण खरी मजा पुढेच होती.

"वाळू वीस टक्के फुगली," एक मुलगा म्हणाला. विसातले चार म्हणजे वीस टक्के, त्यात काय. "म्हणून सहा डब्यांत वीस टक्के वाढवायचे. सात पूर्णांक दोन."

मुलीनं वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं. "नाही."

"का नाही?"

"तुझे सात पूर्णांक दोन डबे पाण्यात टाक. वीस टक्के उतरतील. किती राहिले?"

त्यानं तोंडी हिशेब सुरू केला आणि मध्येच थांबला. वहीवर केला. ५.७६. सहा झाले नाहीत.

इथे मी गणिताच्या मॅडमना बोलावणं धाडलं. त्यांचा तास नव्हता, वह्या तपासत होत्या. त्या आल्या, पदर खोचला आणि बरणीजवळ चक्क उकिडव्या बसल्या. मला वाटलं आता सूत्र येणार. त्यांनी सूत्र सांगितलं नाही. मुलाला विचारलं, "फुगली, असं तू म्हणालास. कुणापासून फुगली? आधी काय होतं?"

"सोळा."

"मग चार कशातले?"

बराच वेळ कोणी बोललं नाही. सोळातले चार म्हणजे पंचवीस टक्के. उतरताना विसातले चार, चढताना सोळातले चार. तेच चार सेंटीमीटर, तीच वाळू आणि टक्के दोन. सहाचे पंचवीस टक्के दीड. साडेसात डबे. साडेसातातून वीस टक्के उतरवले की बरोबर सहा.

मॅडम उठता उठता मला म्हणाल्या, "किंमत वीस टक्के वाढवून वीस टक्के सूट दिली तर दुकानदाराला काय मिळालं, हे मी दर वर्षी नववीला शिकवते. अर्ध्यांना पटत नाही." त्यांचं लक्ष बरणीवरच होतं.

मागच्या गुरुवारी सहा दमट डब्यांत खरी वाळू ४.८ डबेच पडली होती. माल सिमेंटनं जास्त श्रीमंत झाला आणि मापानं कमी भरला. अर्थात सगळा दोष फुगवट्यावर टाकता येणार नाही, सांडलाही होता. मी ते सांगितलं आणि मागच्या वेळी सांडणाऱ्यांनी माना खाली घातल्या.

साडेसात डबे मोजून पहिला माल कालवला. आधी कोरडा, तीनदा पलटी मारून सगळा एकरंगी होईपर्यंत. मग मध्ये आळं करून पाणी. ओल्या वाळूत पाणी आधीच आहे, तेव्हा बादलीचा हात आखडता. हे मात्र तोंडानं सांगावं लागलं.

दीड

मधली सुट्टी. हात धुवून डब्याला बसायचं, पण त्याआधी लिटमस. सिमेंटच्या निवळीत तांबडा कागद बुडवला की निळा होतो, हे त्यांना पाठ आहे. तोच कागद आपल्या नखांच्या कडांना टेकवला तरी निळा होतो, हे नव्हतं माहीत. हातमोजे नको म्हणणाऱ्या दोघांनी जेवणानंतर न बोलता मोजे चढवले. ज्याची बोटं चरचरत होती त्याला खोबरेल तेल दिलं.

सव्वादोन

मिस्त्रीमामा आले. गावातले गवंडी, वय पासष्टच्या पुढे, शिक्षण सातवी. गुरुवारी दुपारी दोन तास येतात, मोबदल्यात मी त्यांच्या नातवाला वेल्डिंग शिकवतो. शाळेच्या दप्तरात त्यांची नोंद कुठेच नाही.

मामांचं शिकवणं म्हणजे पाहत राहणं. भिंतीच्या टोकाला ओळंबा सोडला, एक डोळा मिटला. दोन विटा एकमेकींवर आपटून आवाज ऐकला, एक बाजूला टाकली. एका मुलानं सांध्यावर सांधा आणला होता, मामांनी काही न बोलता ती वीट उचलली, अद्धा लावला आणि पुढे सरकले. पोरगं अर्धा मिनिट त्या अद्ध्याकडे बघत राहिलं, मग त्यानं वरच्या थराची सुरुवात स्वतःच अर्ध्या विटेनं केली.

पायाच्या आखणीच्या दिवशी काटकोन त्यांनीच काढून दाखवला होता. दोरीवर एका बाजूला ६० सेंटीमीटर, दुसरीकडे ८०, आणि तिरपं १०० आलं की कोन गुण्यात. "तीन-चार-पाच" एवढंच म्हणाले. दहावीच्या भूमितीत दुसरं प्रकरण पायथागोरसचं आहे, आणि त्या दिवशी माझ्या पोरांना पहिल्यांदाच वाटलं की हा माणूस आपल्या गावचा असावा.

आज मुलीनं त्यांना बरणी दाखवली आणि सगळा हिशेब सांगितला. मामांनी पूर्ण ऐकून घेतला. "आमचा म्हातारा सांगायचा," ते म्हणाले, "पावसाच्या वाळूला सहाला एक पाटी जास्तीची टाकावी."

"एक नाही मामा, दीड."

मामा हसले. "पावसावर हाय पोरी. दुपारपर्यंत ऊन खाल्लं की एकच."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बघ बरणीत." तिनं ढिगाच्या वरच्या, उन्हात सुकत आलेल्या थरातली वाळू घेतली आणि पुन्हा सगळं केलं. या वेळी २० चे १७ झाले. वीस भागिले सतरा, गुणिले सहा. सात डबे आणि वर चिमूटभर. म्हातारा बरोबर होता. तीही बरोबर होती. बाकीच्यांना यात हसू कशाचं येतंय ते मला कळलं नाही, पण ते हसत होते आणि थापी चालत होती.

माल कालवल्यापासून अर्ध्या तासात संपवायचा, हा मामांचा नियम. सिमेंटच्या भारतीय मानकातही पहिलं घट्ट होणं तीस मिनिटांच्या आत होता कामा नये, अशी अट आहे. म्हणजे तो अर्धा तास हक्काचा, त्यापुढचं सिमेंटच्या मर्जीवर. म्हणून आम्ही घमेलंभरच कालवतो, संपवतो, पुन्हा कालवतो. सव्वातीनपर्यंत आठवा थर दोरीला लागला. पाणसळ ठेवली, बुडबुडा मध्ये. एका टोकाला तीन मिलिमीटरचा फरक होता. मामांनी तो थापीच्या मुठीनं दोन ठोके देऊन मिटवला.

साडेतीन

दुसरी तुकडी पाइपावर. ओट्यापासून शोषखड्ड्यापर्यंत सहा मीटर चार इंची पाइप, उतार चाळीसला एक. सहाशे भागिले चाळीस, पंधरा सेंटीमीटर. हे त्यांनी चालता चालता केलं. अडचण वेगळीच निघाली. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांना समपातळीच्या खुणा केल्या, तिथून एका टोकाला पंधरा खाली. चर खणून झाला आणि बादलीभर पाणी ओतलं तर ते मध्यावर येऊन रेंगाळलं.

नळीत हवेचा फुगा होता. बोटभर. तो दिसत होता, पण कुणाला तो महत्त्वाचा वाटला नव्हता. फुगा काढून खुणा पुन्हा केल्या तेव्हा पहिली खूण चांगली पाच सेंटीमीटर वर निघाली. चर परत खणायला चाळीस मिनिटं गेली. मी ओरडलो नाही, पण मदतही केली नाही.

पावणेपाच

हत्यारं धुणं आणि मोजणं. सहा थाप्या, दोन ओळंबे, दोन गुण्ये, एक पाणसळ, चार घमेली, दोन फावडी, दोरीची दोन गुंडाळी. एक थापी कमी. बॅरलच्या तळाशी सापडली. हे काम कोणालाच आवडत नाही, मलाही नाही. पण वाळलेला माल चिकटलेली थापी पुढच्या गुरुवारी हातात घेतली की ज्यानं धुतली नाही त्याचं नाव आपोआप निघतं.

सव्वापाच

मोठ्या बाईंच्या खोलीत मीटिंग. विषय मला आधीच कळलेला होता. दहावीच्या जादा तासांसाठी गुरुवार मोकळा करायचा आणि 'टेक्निकल' रोज एक तास असं आठवडाभर वाटून द्यायचं. कागदावर विषय तसाच राहतो. बाईंचा हेतू वाईट नाही. गेल्या वर्षी दहावीत सात मुलं गणितात अडकली आणि गावात त्यांना उत्तरं द्यावी लागली.

मी भाषण तयार केलं होतं. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून सगळे विषय शिकवायची कल्पना मांडली होती, हे त्यात होतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत, हेही होतं. खोलीत शिरताना ते खिशातच ठेवलं. असल्या वाक्यांवर सगळे माना डोलावतात आणि वेळापत्रक तेच राहतं. मी फक्त आजची मिनिटं सांगितली. हत्यारं काढून वाटायला आठ. माल कालवायला बारा. धुऊन परत ठेवायला दहा. तासिका पस्तीस मिनिटांची. उरली पाच.

"पाच मिनिटांत किती विटा बसतात?" बाईंनी विचारलं.

"तीन. मामा असले तर."

त्या हसल्या नाहीत. गणिताच्या मॅडम कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांच्या जादा तासांसाठीच हा दिवस हवा होता. त्या म्हणाल्या, "बाई, एक गुरुवार मी यांच्याबरोबर तिथेच थांबते. शेकडेवारी आणि प्रमाण तिथेच घेते. मग ठरवू." बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि शनिवारी बोलू म्हणाल्या. विज्ञानाच्या सरांचा विषय निघाला नाही, कारण ते शेवटची एसटी गाठायला निघून गेले होते.

रात्री साडेनऊ

जेवण झाल्यावर मी दक्षिण आफ्रिकेच्या शाळांचा अभ्यासक्रम चाळत होतो. तिथे दहावी ते बारावीला 'सिव्हिल टेक्नॉलॉजी' असा पूर्ण विषयच आहे. बांधकाम, लाकूडकाम, आणि पाणी-निचरा वगैरे नागरी सेवा अशा तीन शाखा. जोडीला तांत्रिक गणित आणि तांत्रिक विज्ञान हे स्वतंत्र विषय २०१६ पासून आणलेत, आणि अभियांत्रिकी आलेखन वेगळं. बघून हेवा वाटतो. विषयाला विषयाचा मान आहे, शेवटच्या वर्षी प्रात्यक्षिकाला वजन आहे. तरी एक गोष्ट खटकली. गणिताचे दोन भाग केले की शाळेत आपोआप दोन पंगती पडतात, एक खऱ्या गणितवाल्यांची आणि दुसरी थापीवाल्यांची. आमच्याकडे तसं वेगळं गणित नाही, परवडणारही नाही. आमच्याकडे वह्या तपासणं सोडून बरणीशी उकिडव्या बसणाऱ्या एक मॅडम आहेत. एवढ्या एका माणसावर अख्खी व्यवस्था उभी करता येत नाही, हेही मला कळतं. त्यांची बदली झाली की संपलं.

पावणेदहाला त्यांचाच मेसेज. 'ती बरणी तशीच ठेवा. उद्या दुसऱ्या तासाला नववी ब ला हवी आहे.'

मी शिपाईमामांना फोन लावला. ते भिंतीला गोणपाट ओलं करून पांघरून नुकतेच घरी पोचले होते.

"मामा, कट्ट्यावरची बरणी राहू द्या हं."

"आवो, धुतली की. वाळू वतली ढिगावर."

"ढीग झाकला का?"

"न्हाई. झाकायचा व्हता?"

बाहेर पुन्हा पत्र्यावर थेंब पडायला लागले होते. "नको," मी म्हटलं. "राहू द्या तसाच."